घरच्या राउटरचं डीएचसीपी: काय बदलावं, कशाला हात लावू नये

फायबरची जोडणी द्यायला आलेला माणूस भिंतीला भोक पाडतो, बॉक्स बसवतो, तुमच्याच फोनवर स्पीड टेस्ट करून दाखवतो आणि निघून जातो. त्या दिवशी सगळं छान चालतं. तक्रारी नंतर सुरू होतात आणि बहुतेक घरांत त्या सारख्याच असतात. वायफायची रेंज फुल्ल, पण नेट नाही. प्रिंटर काल छापत होता, आज ‘ऑफलाइन’ दाखवतोय. आपण गावी गेलो की नेमका घरचा कॅमेरा दिसेनासा होतो. आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर आणला आणि तेव्हापासून नेट कधी चालतं, कधी नाही. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: बॉक्स बंद करून चालू करा. तेवढ्यापुरतं चालूही होतं, म्हणून खरं कारण कोणी शोधत नाही. यातल्या बऱ्याच तक्रारींचा लाइनशी संबंध नसतो. त्या राउटरच्या एका पानावर सुटतात, आणि त्या पानाचं नाव डीएचसीपी सर्व्हर.

घरातला फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, कोणतंही यंत्र नेटवर्कवर आलं की त्याला चार गोष्टी लागतात: स्वतःचा आयपी पत्ता, आपलं नेटवर्क कुठपर्यंत आहे हे सांगणारा सबनेट मास्क, बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा डीएनएस. हे सगळं एकेका यंत्रात हाताने भरावं लागू नये म्हणून १९९३ साली राल्फ ड्रॉम्स यांनी डीएचसीपीचा मसुदा मांडला. आज घरोघरी चालतं ते १९९७ सालच्या सुधारित आवृत्तीनुसार. व्यवहार चार संदेशांचा आहे. यंत्र नेटवर्कभर हाक मारतं, ‘कोणी पत्ता देता का?’ सर्व्हर म्हणतो, ‘हा घे.’ यंत्र म्हणतं, ‘बरं, हाच नक्की कर.’ सर्व्हर होकार देतो आणि मुदत सांगतो. हाक सगळ्यांना ऐकू जाते आणि जो आधी उत्तर देईल त्याचंच यंत्र सहसा ऐकतं, एवढं लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या भानगडी त्यातूनच निघतात.

सेटिंग उघडण्याआधी एक गोंधळ दूर करू. राउटरला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू, म्हणजे वॅन, कंपनीकडून पत्ता घेते. आतली बाजू, म्हणजे लॅन, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटते. वॅनच्या पानावर ‘डायनॅमिक आयपी’, ‘पीपीपीओई’ आणि ‘स्टॅटिक आयपी’ असे पर्याय दिसतात. ती निवड कंपनीच्या पद्धतीप्रमाणेच असावी लागते. बीएसएनएलच्या फायबरवर सहसा पीपीपीओई असतं, त्याला युजरनेम आणि पासवर्ड लागतो. जिओफायबरवर तसलं काही भरावं लागत नाही. या पानावर प्रयोग करायचे नाहीत. आपल्याला हवं ते लॅनच्या बाजूचं पान.

आधी पाहा, मग बदला

फोनमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारून तपशील उघडा. तिथे फोनचा आयपी पत्ता आणि गेटवे दिसतो. गेटवेचा आकडा म्हणजेच राउटरचा पत्ता, तोच ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं. टीपी-लिंक, डी-लिंक आणि टेंडाच्या बहुतेक घरगुती मॉडेलांत तो १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या बॉक्समध्ये १९२.१६८.२९.१, आणि कंपन्यांनी दिलेल्या इतर अनेक बॉक्सांत १९२.१६८.१.१. या लेखात अंक देवनागरीत आहेत, पण ब्राउझरमध्ये आणि राउटरच्या रकान्यांत इंग्रजी अंकच टाकायचे.

फोनचा किंवा लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर निदान तिथेच झालं. त्या यंत्राने हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. रेंज दिसते आणि नेट नसतं त्याचं हे एक नेहमीचं कारण. डीएचसीपी बंद पडलंय, पत्ते संपलेत किंवा मधली केबल सुटली आहे, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. स्पीडचा किंवा कंपनीच्या लाइनचा यात दोष नाही, त्यामुळे त्यासाठी तक्रार नोंदवून दोन दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही.

राउटरच्या पानावर शिरल्यावर पहिलं काम म्हणजे लॅन आणि डीएचसीपीच्या पानांचे फोनने फोटो काढणं. वॅनच्या पानाचाही काढा, विशेषतः पीपीपीओईचं युजरनेम दिसत असेल तर. पासवर्ड ठिपक्यांत असतो, तो कंपनीकडून आधीच विचारून घ्या. दुसरं काम, राउटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर तो बदलणं. वायफायचा पासवर्ड तो हा नव्हे. शेजारच्या मुलाला वायफाय दिलं की हे पानही त्याच्यासाठी उघडं असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. बदल करताना शक्यतो लॅपटॉप लॅन केबलने जोडा. वायफायवरून सेटिंग बदलताना मध्येच संपर्क तुटतो, मग नक्की काय जतन झालं ते कळत नाही.

एका घरात एकच सर्व्हर

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: एका नेटवर्कात पत्ते वाटणारा एकच हवा. दोन झाले की खेळ बिघडतो, आणि तो असा बिघडतो की कारण सापडू नये. पहिल्या बॉक्सने फोनला पत्ता दिला तर नेट चालतं, दुसऱ्याने दिला तर नाही. कोण आधी उत्तर देईल हे प्रत्येक वेळी वेगळं. म्हणून आईच्या फोनवर चालतं, बाबांच्या नाही, आणि संध्याकाळी उलट.

हे होतं ते दुसरा राउटर आणल्यावर. कंपनीचा बॉक्स दिवाणखान्यात असतो, आतल्या खोलीत रेंज पोहोचत नाही, म्हणून जुना किंवा ऑनलाइन मागवलेला राउटर केबलने जोडला जातो. आता तो कसा जोडला यावर सगळं आहे.

केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात घातली, तर त्याच्या मागे वेगळं नेटवर्क तयार होतं. पत्ते वाटणारे दोन झाले तरी दोघांचे इलाके वेगळे, त्यामुळे नेट चालतं. पण आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला बाहेरच्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही, फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही, आणि काही ऑनलाइन गेम कुरकुर करतात. शिवाय एक सापळा आहे. कंपनीच्या बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राउटरचाही १९२.१६८.१.१ असेल, तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच राउटरला कळत नाही आणि नेट बंद. नवी मॉडेल हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, जुनी बदलत नाहीत.

केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात घातली आणि त्याचं डीएचसीपी चालूच राहिलं, तर मात्र वर सांगितलेला घोळ नक्की.

बहुतेक घरांसाठी योग्य मार्ग एकच आहे: दुसऱ्या राउटरला राउटर म्हणून वापरायचंच नाही, फक्त वायफाय पसरवणारा ॲक्सेस पॉइंट करायचं. नव्या मॉडेलांत ‘ऑपरेशन मोड’ या पानावर ॲक्सेस पॉइंट असा सरळ पर्याय मिळतो. तो निवडला की डीएचसीपी बंद होण्यासकट बाकीचं तो स्वतः करतो. जुन्या राउटरमध्ये हे हाताने करता येतं. तो आधी कशालाही न जोडता फक्त लॅपटॉपला जोडा. त्याच्या लॅनच्या पानावर पत्ता बदला. कंपनीचा बॉक्स १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर शिरा आणि डीएचसीपी सर्व्हर बंद करा. मग कंपनीच्या बॉक्सच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल याच्याही लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट रिकामा राहील, राहू द्या. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखा ठेवला तर घरात फिरताना फोन जवळच्या राउटरवर जातो. फोन यात थोडा आळशी असतो हे खरं, पण चालून जातं.

चुकीच्या पोर्टाची आणखी एक तऱ्हा इमारतीच्या पातळीवर दिसते. मुंबई-ठाण्याच्या जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत स्थानिक केबलवाल्याचं नेट अजून जिन्यातल्या साध्या स्विचमधून लॅन केबलने घरोघर जातं. एखाद्याने रंग देताना राउटर काढला आणि परत लावताना केबलवाल्याची वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचली, की त्याचा राउटर आख्ख्या मजल्याला पत्ते वाटू लागतो. शेजाऱ्यांच्या राउटरांची वॅन बाजू ‘डायनॅमिक आयपी’वर असेल तर ते हे खोटे पत्ते आनंदाने घेतात आणि सगळ्यांचं नेट जातं. पीपीपीओई असेल तर शेजारी वाचतात, कारण त्यांचे राउटर डीएचसीपीची हाक मारतच नाहीत. फायबरवर प्रत्येक ग्राहक कंपनीच्या यंत्रापाशी सहसा वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रकार क्वचितच घडतो. तुमच्या इमारतीत मजलाभर नेट गेलं आणि राउटरच्या वॅनच्या पानावर भलताच १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर केबलवाल्याला एवढंच सांगा की कोणाचा तरी राउटर उलटा लागलाय. जाणकार असेल तर त्याला लगेच उमगेल.

पत्त्यांची हद्द आणि पूल

घरगुती वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. राउटर शेवटच्या पट्ट्यातला एक तुकडा घेऊन येतो. मास्क २५५.२५५.२५५.० असला की त्या तुकड्यात १ ते २५४ असे २५४ पत्ते वापरता येतात. घराला हे पुरून उरतात, म्हणून मास्क बदलू नका.

तुकडा बदलावा का? सहसा गरज नसते. एक प्रसंग मात्र असा आहे की बदललेला बरा. घरून काम करणाऱ्याला ऑफिसचं व्हीपीएन जोडावं लागतं. ऑफिसचं आतलं नेटवर्कही १९२.१६८.१ वर असेल तर व्हीपीएन जोडलं जातं, पण ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही, कारण लॅपटॉपला वाटतं तो पत्ता घरातच आहे. अशा वेळी घरच्या राउटरला कोणी सहसा निवडत नाही असा आकडा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.५७.१. आयटीवाल्यांशी तासभर फोनवर बोलण्यापेक्षा हे सोपं. फक्त हा बदल पहिल्याच दिवशी करावा. घरात हाताने पत्ता भरलेला प्रिंटर किंवा कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर असेल तर तुकडा बदलताच तो बाजूला पडतो.

आता पूल. डीएचसीपीच्या पानावर ‘स्टार्ट आयपी’ आणि ‘एंड आयपी’ असे दोन रकाने असतात. त्यांच्या मधले पत्तेच राउटर वाटतो. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत पूल १०० ते १९९ असतो. काही बॉक्सांत तो २ ते २५४, म्हणजे जवळजवळ सगळाच तुकडा. हा दुसरा प्रकार मला पसंत नाही. घरात कधी ना कधी कोणीतरी एखाद्या यंत्रात पत्ता हाताने भरतंच, बहुधा कॅमेरे बसवणारा, आणि तो पत्ता पुलात असेल तर राउटर तोच आकडा एखाद्या दिवशी पाहुण्याच्या फोनला देऊन टाकतो. मग दोघंही अडखळतात. पत्ता देण्याआधी तो कोणी वापरतंय का हे राउटर तपासू शकतो, पण प्रिंटर त्या क्षणी झोपलेला असेल किंवा डीव्हीआर बंद असेल तर तपासून उपयोग काय?

म्हणून पूल १०० ते २०० ठेवा आणि २ ते ९९ हा पट्टा तुमच्या हातात राहू द्या. आता एक बारकावा. हिकव्हिजनचे कॅमेरे कारखान्यातून १९२.१६८.१.६४ हा पत्ता घेऊन येण्याची पद्धत आहे, तो या पुलाबाहेर पडतो. दाहुआच्या मालावर १९२.१६८.१.१०८ असतो, तो बरोबर पुलात येतो. कॅमेरेवाल्याने तो तसाच सोडला असेल तर त्याच्याकडून बदलून घ्या किंवा पूल १२० पासून सुरू करा.

कायमचा पत्ता कोणाला

प्रिंटर, डीव्हीआर, फाइल ठेवायचं नॅस यांचे पत्ते रोज बदलून चालत नाही. लॅपटॉपने प्रिंटरचा पत्ता एकदा लक्षात ठेवलेला असतो, तो बदलला की प्रिंटर ‘ऑफलाइन’. हे थांबवायचे दोन मार्ग. एक, यंत्राच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने भरायचा. दुसरा, राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या पानावर त्या यंत्राच्या नावाने पत्ता राखून ठेवायचा. काही बॉक्सांत त्यालाच ‘स्टॅटिक डीएचसीपी’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ म्हणतात.

दुसराच निवडा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काही जागा सभासदांच्या नावाने असतात आणि बाकीच्यांत पाहुण्यांनी मिळेल तिथे गाडी लावायची, तसं हे आहे: यंत्र नेहमीसारखं डीएचसीपीलाच पत्ता मागतं, राउटर त्याला ओळखून ठरलेलाच देतो. फायदा असा की सगळे पत्ते एकाच ठिकाणी नोंदलेले राहतात, आणि उद्या डीएनएस किंवा गेटवे बदलला तर यंत्राला ते आपोआप कळतं. प्रिंटरच्या दोन ओळींच्या पडद्यावर बाणाची बटणं दाबत आयपी भरणं हा तसाही जुलूम आहे. वीज गेल्यावरही याचा उपयोग होतो. बऱ्याच स्वस्त राउटरांत कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद तात्पुरत्या स्मृतीत असते, वीज गेली की ती पुसली जाते. रिझर्व्हेशन मात्र सेटिंगांबरोबर जतन होतं.

राउटर यंत्राला ओळखतो तो मॅक ॲड्रेसवरून, बारा अंक-अक्षरांची ही ओळख प्रत्येक यंत्राला असते. प्रिंटर आणि डीव्हीआरच्या मागच्या लेबलवर ती बहुधा छापलेली सापडते. नाहीतर राउटरच्या ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’मध्ये यंत्राच्या नावासमोर दिसते. वायफाय आणि लॅन केबल यांचे मॅक वेगळे असतात. प्रिंटर आज वायफायवर असेल आणि उद्या केबलवर आणलात तर रिझर्व्हेशन पुन्हा करावं लागेल.

फोनच्या बाबतीत मात्र हे भरवशाचं राहिलेलं नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक लपवतात, वायफायच्या प्रत्येक नावाला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. बाहेरच्या वायफायवर हे चांगलंच आहे, माग काढता येत नाही. पण मुलाच्या फोनला ठरावीक पत्ता देऊन रात्री दहानंतर नेट बंद करायचा तुमचा बेत असेल तर तो फसू शकतो. राउटरच्या यादीतल्या मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. फोनमध्ये घरच्या वायफायच्या तपशिलात जाऊन अँड्रॉइडवर ‘डिव्हाइस मॅक’ किंवा ‘फोन मॅक’ निवडता येतो, आयफोनवर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करता येतो. मुलाने तो पुन्हा चालू केला तर तुमचं कुलूप गेलं. मुलांना हे आपल्याआधी कळतं, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका.

लीज टाइम: घर वेगळं, अभ्यासिका वेगळी

दिलेला पत्ता किती काळासाठी, ती मुदत म्हणजे लीज टाइम. निम्मी मुदत संपली की यंत्र स्वतःहून ती वाढवून घेतं, म्हणून चालू वापरात पत्ता तुटत नाही. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत मुदत १२० मिनिटं असते. घरात २४ तास ठेवा किंवा आहे ती राहू द्या, फरक पडत नाही. एककाकडे तेवढं लक्ष द्या. काही बॉक्स मिनिटं विचारतात, काही सेकंद. एक दिवस म्हणजे १४४० मिनिटं किंवा ८६४०० सेकंद. सेकंदांच्या रकान्यात १४४० लिहिलंत तर मुदत २४ मिनिटांची होते.

खरा प्रश्न माणसांची ये-जा असते तिथे. दवाखाना, खाणावळ, किंवा पुण्यात पेठांमधून स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी असतात तशी अभ्यासिका. धरून चाला की पाळ्या तीन, प्रत्येक पाळीत ५० मुलं, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप. एका वेळी यंत्रं १००, दिवसभरात ३००. पूल १०० पत्त्यांचा आणि मुदत २४ तासांची असेल तर सकाळच्या पाळीतच पत्ते संपतात. मुलं निघून जातात, पण जाताना फोन सहसा पत्ता परत करत नाहीत, तो दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. दुपारच्या पाळीला रेंज दिसते आणि पत्ता १६९.२५४. चालक राउटर बंद-चालू करतो, नोंद पुसली जाते, नेट सुरू होतं, आणि सगळे लाइनला शिव्या देतात. उपाय दोन मिनिटांचा आहे: पूल २० ते २५० करा आणि मुदत एक तासावर आणा. पाळी बदलताना जुनी १०० आणि नवी १०० यंत्रं एकाच वेळी धरली तरी २३१ पत्त्यांत ती मावतात.

हे केल्यावरही नेट रडत असेल तर कारण पत्ते नव्हेत. दोन हजारांचा घरगुती राउटर शंभर यंत्रांचं वायफाय ओढू शकत नाही, तिथे दोन-तीन ॲक्सेस पॉइंट लागतातच. दवाखान्यात आणि दुकानात आणखी एक करा. ग्राहकांना ‘गेस्ट नेटवर्क’ द्या, म्हणजे बिलिंगच्या संगणकापर्यंत त्यांचे फोन पोहोचणार नाहीत.

डीएनएसचे रकाने

डीएचसीपीच्या पानावर गेटवेचा रकाना असतो. तो रिकामा ठेवा किंवा राउटरचाच पत्ता राहू द्या. त्याखाली प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस. ते रिकामे असतील तर सहसा राउटर स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून देतो आणि पुढे कंपनीच्या डीएनएसला विचारतो. कंपनीचा डीएनएस अधूनमधून आचके देत असेल तर इथे गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकता येतो. याने स्पीड वाढतो असं व्हिडिओंत सांगतात, ते मनावर घेऊ नका. संकेतस्थळाचं नाव लवकर उकलेल, पण तुमची लाइन १०० एमबीपीएसची असेल तर १०० चीच राहील. उलट काही कंपन्या व्हिडिओचे साठे शहरातच ठेवतात आणि त्यांचा डीएनएस तिकडे वळवतो. बाहेरचा डीएनएस लावल्यावर व्हिडिओ अडखळू लागला तर मूळ सेटिंगवर परत या.

मुलांसाठी प्रौढ संकेतस्थळं अडवायची असतील तर क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ असे दोन पत्ते आहेत. दोन्ही रकान्यांत हेच भरायचे. पहिल्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात सवयीने ८.८.८.८ टाकलं तर यंत्र दोहोंपैकी कोणालाही विचारू शकतं आणि अडवणूक कधी चालते, कधी नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, याचीही आठवण ठेवा. जिओ आणि एअरटेलच्या जोडण्यांवर ते सर्रास असतं, आणि त्याचा डीएनएस यंत्रांना वेगळ्या वाटेने मिळतो. आत्तापर्यंत पाहिलेल्या आयपीव्ही४ च्या पानावर केलेला बदल त्याला लागू होत नाही. त्यामुळे आयपीव्ही६ च्या पानावरही डीएनएस बदलावा लागतो. क्लाउडफ्लेअरचे तसे वेगळे पत्ते मिळतात.

बदल केल्यावर, आणि अडकल्यावर

जतन केलं म्हणजे यंत्रांना लगेच कळलं असं होत नाही. ती मुदत वाढवायला येतील तेव्हाच नवं सेटिंग घेतील. फोनचं वायफाय बंद करून चालू करा, लॅपटॉप पुन्हा जोडा, प्रिंटर आणि डीव्हीआर एकदा बंद करून सुरू करा. मग क्लायंट लिस्ट उघडून कोणाला काय मिळालं ते पाहा.

चुकून डीएचसीपी बंद झालं आणि राउटरचं पानच उघडेना, तर घाबरू नका, पिनने रीसेटही दाबू नका. लॅपटॉप केबलने जोडा, त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचाच. पान उघडेल. दुरुस्ती झाल्यावर लॅपटॉप परत ‘ऑटोमॅटिक’वर आणायचा, नाहीतर तो दुसऱ्याच्या घरी केबलने नेट घेणार नाही.

तुमचा स्वतःचा राउटर असेल तर अगदीच अडल्यावर मागचं रीसेटचं बटण दहा सेकंद दाबता येतं. कंपनीच्या फायबर बॉक्सवर ते करू नका. त्यात तुमच्या जोडणीची नोंद, पीपीपीओई अशा गोष्टी भरलेल्या असू शकतात. त्या पुसल्या की कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटविना.

जाता जाता कॅमेऱ्याबद्दल. गावाहून चित्र दिसावं म्हणून काही जण डीव्हीआरचा पत्ता पक्का करून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतात, म्हणजे बाहेरून आलेली विनंती राउटरने डीव्हीआरकडे वळवावी असं सेटिंग. आधी वॅनच्या पानावरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कोणी पोहोचूच शकत नाही. अशा जोडणीवर डीव्हीआरच्या कंपनीचं ॲप वापरणं हाच मार्ग, आणि सार्वजनिक पत्ता असला तरी डीव्हीआर उघड्यावर ठेवण्यापेक्षा तोच बरा.

कंपनीच्या बॉक्सवर डीएचसीपीचं पान कुलूपबंद असेल आणि तुम्हाला रिझर्व्हेशन किंवा वेगळा डीएनएस हवाच असेल, तर कंपनीला फोन करून बॉक्स ब्रिज मोडवर, म्हणजे लाइन फक्त पुढे देण्यापुरता, टाकायला सांगा आणि पत्ते वाटायचं काम स्वतःच्या राउटरकडे घ्या. नाही म्हणाले तर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट करा आणि कंपनीच्या बॉक्सचंच डीएचसीपी चालू ठेवा.